दोन डॉलरचा वर्ग: हार्लेममधील ओलातुंजी केंद्राचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १२५व्या रस्त्यावर, १९६७ साली ‘ओलातुंजी सेंटर फॉर आफ्रिकन कल्चर’ नावाची शाळा सुरू झाली. बाबातुंदे ओलातुंजी या नायजेरियन वादकाने ती काढली होती. वादन, नृत्य, योरुबा ही नायजेरियातील भाषा आणि आफ्रिकेचा इतिहास तेथे शिकवला जात असे, आणि मुलांना एका वर्गासाठी दोन डॉलर द्यावे लागत. रंगमंचावर नाव कमावलेला कलावंत आपले संगीत परक्या देशात शिकवू लागतो तेव्हा त्या संगीताचे, त्या संस्थेचे आणि स्वतः कलावंताचे काय होते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे. आफ्रिकी संगीत अमेरिकेत नेणारे ओलातुंजी हे पहिले नव्हते, आणि सर्वांत पारंगत वादक तर मुळीच नव्हते. मात्र प्रयोग आणि शिकवणी हे दोन्ही व्यवहार एकाच माणसाने अर्धशतकभर चालवल्याची दुसरी इतकी ठळक नोंद सापडणे कठीण आहे.

ओलातुंजींचा जन्म ७ एप्रिल १९२७ रोजी अजिदो येथे झाला. आजच्या लागोस राज्यातील बडाग्रीजवळचे हे मासेमारांचे गाव आहे. ढोल त्यांच्या कानावर लहानपणापासून पडत होते, परंतु वादन हा त्यांचा कुलधर्म नव्हता. योरुबा समाजात वादकांची वेगळी घराणी असतात. आयान या ढोलाच्या दैवताशी नाते सांगणाऱ्या या घराण्यांत मुलांची नावेही बहुधा ‘आयान’पासून सुरू होतात, आणि विद्या बापाकडून मुलाकडे जाते. ओलातुंजी त्यांपैकी नव्हते. रोटरीच्या शिष्यवृत्तीची माहिती त्यांना एका मासिकात वाचायला मिळाली, त्यांनी अर्ज केला, आणि १९५० मध्ये ते अटलांटातील मोरहाउस कॉलेजात दाखल झाले. तेथून १९५४ मध्ये पदवी घेऊन ते न्यूयॉर्क विद्यापीठात लोकप्रशासन शिकण्यासाठी गेले. मायदेशी परतून सार्वजनिक जीवनात उतरावे असा त्यांचा बेत होता.

मोरहाउस हे कृष्णवर्णीयांचे नामांकित महाविद्यालय होते आणि मार्टिन ल्यूथर किंग तेथूनच दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडले होते. तरीही तेथील सहाध्यायी ओलातुंजींना विचारत, तुमच्याकडे रस्त्यावर सिंह फिरतात का, माणसे झाडावर झोपतात का. टारझनच्या चित्रपटांपलीकडे आफ्रिकेची माहिती मिळण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. (आपणही फार फुशारकी मारू नये. जंजिऱ्याच्या किल्ल्यामुळे सिद्दी हे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असते, पण गुजरातेतील रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यात सिद्दी समाज जो मुगरमान ढोल वाजवतो त्याचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?) या प्रश्नांना तोंडी उत्तरे देण्याऐवजी ओलातुंजींनी वसतिगृहात आणि महाविद्यालयाच्या कार्यक्रमांत ढोल वाजवून, गाऊन दाखवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कला आल्यावर शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी छोटा वादकसंच उभा केला. पुढे अभ्यास मागे पडला आणि संच पुढे गेला.

रंगमंचावरची वीस वर्षे आधीची वाट

ओलातुंजींच्या आधी न्यूयॉर्कमध्ये वाट पाडणारे काही कलावंत होऊन गेले होते. सिएरा लिओनच्या असादाता दाफोरा यांनी १९३४ मध्ये ‘किकुन्कोर’ हे नृत्यनाट्य तेथे उभे केले आणि आफ्रिकी नृत्य पूर्ण वेळाचा नाट्यप्रयोग म्हणून चालू शकते हे सिद्ध केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या नर्तकी पर्ल प्रायमस १९४८च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत जाऊन शिकून आल्या. गिनीच्या फोदेबा केइता यांचा ‘बॅले आफ्रिकेन’ हा संच १९५९ मध्ये अमेरिकेत आला आणि त्यातील जेंबे या हाताने वाजवायच्या ढोलाचे वादक लाजी कामारा पुढे न्यूयॉर्कमध्येच राहून शिकवू लागले. थोडक्यात, प्रेक्षक तयार होत होता. तरीही या सर्वांचे काम नाट्यगृहापुरते आणि नृत्यशाळेपुरते राहिले होते. ते घराघरांत पोहोचले नव्हते.

ते काम ध्वनिमुद्रिकेने केले. १९५८ मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ओलातुंजींच्या संचाने मोठ्या वाद्यवृंदासह आफ्रिकी ढोलवादनाचा कार्यक्रम सादर केला. कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंड यांनी त्यांना करारबद्ध केले आणि १९६० मध्ये ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ बाजारात आली. त्या वर्षी आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले. नायजेरिया त्यांपैकी एक होता. स्टीरिओ ध्वनीत, चांगल्या स्टुडिओत मुद्रित झालेले असे आफ्रिकी ढोलवादन सामान्य अमेरिकन ग्राहकाने तोवर ऐकले नव्हते. लाखो प्रती खपल्या आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या मुद्रिकेचा समावेश झाला.

मुद्रिकेत काय होते हे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पुढच्या सर्व वादांचे मूळ तेथे आहे. ‘अकिवोवो’ हे आगगाडीच्या गार्डला उद्देशून म्हटलेले गाणे आहे, ‘शांगो’ ही विजेच्या देवाची आळवणी आहे, ‘ओदुन दे’ नव्या वर्षाचे स्वागत करते, आणि ‘जिन-गो-लो-बा’ हे आज जगभर ओळखीचे झालेले आवाहन-प्रतिसादाचे गीत आहे. ओलातुंजी ओळ म्हणतात आणि स्त्रियांचा गट ती उचलतो. हा गट आणि सोबतचे बहुतेक ढोलवादक नायजेरियन नव्हते. ते न्यूयॉर्कमधील आफ्रिकी-अमेरिकी आणि कॅरिबियन कलावंत होते. ओलातुंजींनी त्यांना योरुबा शब्द एकेक करून शिकवले होते. म्हणजे ही मुद्रिका प्रयोग म्हणून विकली गेली असली तरी ती तयार होण्याच्या आधी एक वर्ग भरला होता. ओलातुंजींच्या कामात शिकवणी आधी आली आणि रंगमंच नंतर, असे मला त्यामुळे वाटते, जरी सर्वसाधारण चरित्रलेखनात हा क्रम उलटा दिला जात असला तरी.

त्याच वर्षी जाझ ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या ‘वी इन्सिस्ट’ या नागरी हक्कांच्या चळवळीशी जोडलेल्या मुद्रिकेत ओलातुंजी वाजवताना ऐकू येतात. त्यातील ‘ऑल आफ्रिका’ या भागात गायिका ॲबी लिंकन आफ्रिकेतील जनसमूहांची नावे एकामागून एक उच्चारतात आणि ओलातुंजी त्या त्या समूहाची स्वातंत्र्याविषयीची म्हण बहुतांशी योरुबात सांगत उत्तर देतात. जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी १९६२ मध्ये ‘तुंजी’ नावाची रचना त्यांच्या नावे केली. जाझमधील अग्रणी मंडळी त्यांच्याकडे केवळ वादक म्हणून पाहत नव्हती. आपल्या पूर्वजांचा खंड आणि आपण यांच्यातील तुटलेला दुवा जोडून देणारा माणूस म्हणून ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि ही अपेक्षा एका माणसावर जरा जास्तच होती.

शाळा कशी उभी राहिली

१९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात आफ्रिकी दालनात ओलातुंजींच्या संचाचे प्रयोग झाले आणि त्यांच्या उत्पन्नातून केंद्रासाठी भांडवल जमले. कोल्ट्रेन यांनीही आर्थिक मदत केली. केंद्राच्या मदतीसाठी २३ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी तेथेच प्रयोग केला. त्यांच्या सोबत फॅरो सँडर्स, ॲलिस कोल्ट्रेन, जिमी गॅरिसन आणि रशीद अली होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १७ जुलैला, कोल्ट्रेन वारले. त्या दुपारच्या वादनाचे तासाभराचे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा आवाज फाटलेला, कोंदट आहे, आणि त्या खोलीत प्रयोगगृहाच्या सोयी नव्हत्या हे ऐकताक्षणी कळते. ती मुळात शाळेची जागा होती.

या टप्प्यावर अर्थकारण पाहणे आवश्यक आहे. दोन डॉलर ही रक्कम हार्लेममधील कुटुंबांच्या आवाक्यात असावी म्हणून ठरवलेली होती, आणि त्या रकमेतून शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावरील जागेचे भाडे, शिक्षकांचे मानधन आणि वाद्यांची देखभाल भागणे शक्यच नव्हते. त्यामुळे तूट ओलातुंजींच्या बाहेरगावच्या प्रयोगांतून आणि मिळेल त्या देणग्यांतून भरून निघत असे. मुख्य गुरू शाळेत असेल तेव्हा शाळेत पैसा येत नाही, आणि पैसा आणण्यासाठी तो बाहेर पडला की शाळेत मुख्य गुरू नसतो. आपल्याकडे संगीत विद्यालय काढलेल्या कित्येक नामवंत गवयांना हा पेच चांगला ठाऊक आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे मुंबईतील गांधर्व महाविद्यालय कर्जापायी बुडाले ते याच प्रकारच्या हिशेबात.

ओलातुंजींनी यावर एक शहाणपणाचा उपाय योजला होता, त्याची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. केंद्रात शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग होता, आणि मागणी येईल तसे न्यूयॉर्कच्या आसपास, इतकेच नव्हे तर मॅसॅच्युसेट्स, केंटकी आणि वॉशिंग्टनपर्यंत वर्ग भरवले जात. बॉस्टनमध्ये एल्मा लुईस यांच्या ललितकला शाळेत ओलातुंजी स्वतः शिकवत असत. न्यूयॉर्क परिसरातील शाळांमध्ये त्यांचा संच जाऊन प्रयोग करी आणि मुलांना उठवून नाचायला लावी. अशा रीतीने विद्या पसरत होती, परंतु पसरलेल्या विद्येतून मूळ संस्थेकडे पैसा परत येण्याची कोणतीही सोय नव्हती. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती, आणि हार्लेममधील कोणत्याही सांस्कृतिक संस्थेसाठी तो काळ भीषण होता. ओलातुंजी केंद्र १९८०च्या दशकापर्यंत तग धरून राहिले आणि त्या दशकात बंद पडले.

गुन दुन, गो दो, पा ता

केंद्रातील सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे ओलातुंजींनी बसवलेली शिकवण्याची रीत. हाताने वाजवायच्या ढोलावर, म्हणजे अशिको किंवा जेंबेवर, त्यांनी तीनच आघात धरले आणि प्रत्येक आघाताला उजव्या व डाव्या हाताचा एकेक बोल दिला. पुडीच्या मध्यावर पूर्ण तळहात टेकवून काढलेला खर्जाचा नाद उजव्या हाताने ‘गुन’ आणि डाव्या हाताने ‘दुन’. काठाजवळ बोटे जुळवून काढलेला मोकळा, गोल नाद ‘गो’ आणि ‘दो’. काठावरच बोटे किंचित सैल ठेवून काढलेली तीक्ष्ण थाप ‘पा’ आणि ‘ता’. एवढ्यावर सारे शिक्षण सुरू होते. विद्यार्थी गोल करून बसतात, आधी सर्वजण बोल मोठ्याने म्हणतात, मग तोंडाने म्हणत हातांनी वाजवतात, आणि शेवटी तोंड बंद होऊन हात चालू राहतात. चुकलेल्या मुलाला थांबवून दुरुस्त करण्याऐवजी सर्वांनी पुन्हा तोंडाने म्हणावे, अशी पद्धत आहे. बोल तोंडात पक्का असेल तर हात आपोआप वळणावर येतो, हा त्यामागचा विश्वास आहे.

तबल्याच्या विद्यार्थ्याला यात नवीन काहीच वाटणार नाही. ‘धा’, ‘तिं’, ‘ना’ म्हणायचे, हातावर टाळी-खाली धरायची आणि मग वाद्याला हात लावायचा, हे त्याने पहिल्याच आठवड्यात केलेले असते. फरक इतकाच की तबल्याची बोलभाषा शेकडो वर्षांत वाढत गेली आणि तिच्यात कायदे, रेले, तुकडे रचले गेले, तर ओलातुंजींची सहा अक्षरे पहिल्याच दिवशी तीस-चाळीस अनोळखी माणसांना एकत्र वाजवता यावे यासाठी मुद्दाम आखडून घेतलेली आहेत.

नृत्याचा वर्ग याच तालावर चाले. गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेले, पाऊल सपाट जमिनीवर, आणि नर्तकांची रांग ढोलांच्या दिशेने पुढे येणारी. प्रमुख ढोलवादक ठरलेली एक छोटी लयओळ वाजवतो आणि त्या खुणेवर रांग पाऊल बदलते किंवा थांबते. मोजून आकडे म्हणायचे नसतात. ढोल-ताशा पथकात ताशाच्या इशाऱ्यावर सारे ढोल हात बदलतात, तसाच हा व्यवहार असतो. फरक असा की येथे इशारा ऐकून वादकांसोबत नर्तकांनाही वळावे लागते, आणि म्हणून वादन न समजणारा नर्तक या वर्गात फार काळ टिकत नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

ओलातुंजींवरचा मुख्य आक्षेप असा की त्यांनी आफ्रिकेच्या निरनिराळ्या परंपरा एकाच टोपलीत घातल्या. अशिको योरुबांचा, जेंबे माली-गिनीकडील मांडे समाजांचा, नृत्ये लायबेरियापासून नायजेरियापर्यंतची, आणि हे सारे ‘आफ्रिकी’ या एका नावाखाली. ‘फांगा’चे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते आणि ते खरोखर बोलके आहे. हे स्वागतनृत्य लायबेरियातून पर्ल प्रायमस यांनी अमेरिकेत आणले. त्यावर जे गीत म्हटले जाते त्यातील ‘अलाफिया’ आणि ‘आशे’ हे शब्द योरुबात वापरले जाणारे आहेत, आणि ते न्यूयॉर्कमध्ये ला रॉक बे यांनी जुळवले. चाल तर ‘लिल लायझा जेन’ या जुन्या अमेरिकी लोकगीताशी मिळतीजुळती आहे. आज अमेरिकेतील असंख्य प्राथमिक शाळांत मुले हे गीत ‘आफ्रिकेतील स्वागतगीत’ म्हणून म्हणतात. मुळातल्या कोणत्याही एका गावात ते त्या रूपात कधीच नव्हते.

हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे वजन परिस्थिती पाहून ठरवावे लागते. हार्लेममधील विद्यार्थ्यांचे पूर्वज कोणत्या समाजातून उचलून आणले गेले होते हे सांगणारा कागद त्यांच्यापाशी नव्हता. योरुबा, मांडे, अकान, काँगो अशा अनेक समूहांची माणसे गुलामांच्या जहाजांतून एकत्र आणली गेली आणि मळ्यांवर त्यांची सरमिसळ झाली. अशा विद्यार्थ्याला ‘तू आधी तुझी एक परंपरा निवड’ असे सांगणे म्हणजे त्याच्याकडून जे हिरावले गेले तेच प्रवेशशुल्क म्हणून मागणे झाले. ओलातुंजींनी संपूर्ण खंड त्याच्यासमोर ठेवला आणि त्यात तथ्याची काही किंमत मोजली. मला हा सौदा त्या काळी वाजवी वाटतो. तेच मिश्रण पन्नास वर्षांनंतर अस्सल ठेवा म्हणून पाठ्यक्रमात विनातपशील येते, तेव्हा मात्र दोष शिकवणाऱ्याचा असतो.

दुसरा तोटा अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. योरुबांचा दुन्दुन हा डमरूच्या आकाराचा, दोऱ्यांनी आवळलेला ढोल आहे. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की त्याचा सूर चढतो आणि सैल सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेत स्वरांच्या तीन उंच-सखल पातळ्या आहेत आणि त्यांच्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो. दुन्दुनवादक या पातळ्या ढोलावर काढतो, त्यामुळे तो खरोखरच वाक्ये बोलतो. तो म्हणी सांगतो, आलेल्या पाहुण्याच्या कुळाची ओरिकी म्हणजे स्तुतिवचने म्हणतो, प्रसंगी चिमटाही काढतो. ऐकणाऱ्याला भाषा येत असेल तरच हे पोहोचते. ‘गुन दुन, गो दो’ या रीतीत आघाताला नाव आहे, पण आघातात वाक्य नाही. आयान घराण्यातला वादक जे करतो त्याचा गाभा या सहा अक्षरांत बसतच नाही. केंद्रात योरुबाचे वर्ग ठेवण्यामागे ओलातुंजींना ही उणीव दिसत होती, असे मानायला जागा आहे. भाषेशिवाय ढोल अर्धाच शिकवला जातो हे ज्याला कळते तोच ढोलाच्या शाळेत भाषेचा वर्ग काढतो. मात्र विद्यार्थ्यांची गर्दी ढोलाकडे असे, आणि बंद पडल्यावर केंद्रातून बाहेर जे टिकले ते ढोलाचे बोल आणि नृत्याची पावले.

त्याच वर्षीची दुसरी शाळा

योगायोग असा की १९६७ सालीच सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात बर्कली येथे आपले संगीत महाविद्यालय काढले. ते लवकरच मरीन परगण्यात गेले आणि आजही सॅन राफाएल येथे सुरू आहे. दोन्ही शाळा परक्या देशात, दोन्हींच्या मागे रंगमंचावरील कीर्ती. मग एक टिकली आणि दुसरी नाही, असे का? अली अकबर खाँ यांनी स्वतः वर्षातील बराच काळ वर्गात बसून शिकवले. तबल्यासाठी वेगळे गुरू ठेवले, ज्यांत १९७०च्या दशकात तरुण झाकीर हुसेन होते आणि नंतर पंडित स्वपन चौधुरी आले. वर्षानुवर्षांचे वर्ग ध्वनिमुद्रित करून ठेवले गेले. त्यामुळे २००९ मध्ये खाँसाहेब गेल्यावरही शिकवण्याजोगे काही शिल्लक होते.

तथापि ही तुलना फार ताणता येत नाही. मरीन परगण्यातील विद्यार्थी बहुतांशी गौरवर्णीय आणि खाऊनपिऊन सुखी घरांतले होते, आणि पुरेसे शुल्क देऊ शकत होते. हार्लेममध्ये शुल्क वाढवले असते तर ज्या मुलांसाठी केंद्र काढले तीच बाहेर राहिली असती. म्हणून केंद्र बंद पडण्याचे खापर ओलातुंजींच्या अव्यवहारीपणावर फोडणारे विश्लेषण मला अपुरे वाटते. त्यांच्या हातून सुटलेली गोष्ट दुसरीच आहे. वर्गांचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण आणि गाण्यांचे मूळ गाव, मूळ प्रसंग, मूळ भाषा यांच्या तपशिलासह केलेली लेखी नोंद ही कामे दोन डॉलरच्या शाळेलाही परवडण्यासारखी होती. तो तपशील जागेवर लिहिलेला असता तर ‘फांगा’सारखे घोटाळे निदान पुढच्या पिढीपर्यंत गेले नसते.

हक्क कोणाचा

शिकवणी आणि मुद्रिका या दोन्ही वाटांनी गेलेल्या संगीताचा तिसरा प्रश्न मालकीचा आहे. फ्रान्समध्ये गायक सर्ज गेन्सबूर्ग यांच्या १९६४च्या मुद्रिकेतील ‘न्यूयॉर्क यूएसए’ आणि ‘माराबू’ ही गाणी ‘अकिवोवो’ आणि ‘जिन-गो-लो-बा’ यांच्यावरूनच घेतलेली होती, आणि सुरुवातीला ओलातुंजींचे नाव त्यावर नव्हते. ते पुष्कळ नंतर आले. कार्लोस सान्ताना यांच्या संचाने १९६९ मध्ये ‘जिंगो’ वाजवले आणि ते गाणे रॉक संगीताच्या श्रोत्यांपर्यंत गेले. या इतिहासात ओलातुंजींची बाजू न्याय्य आहे यात शंका नाही. मात्र तोच प्रश्न एक पायरी खाली नेला तर अवघड होतो. आगगाडीच्या गार्डचे गाणे, शांगोची आळवणी, नव्या वर्षाचे गीत हे ज्या समाजांतून आले त्यांच्या नावे मुद्रिकेवर कोणता वाटा होता? प्रस्थापित कायद्यात संयोजकाला नाव मिळते आणि समाजाला मिळत नाही. ओलातुंजी या बाबतीत आपल्या काळापेक्षा वेगळे वागले असे दिसत नाही, आणि त्या काळी दुसरे कोणी वेगळे वागत होते असेही नाही. शिक्षकाने मात्र वर्गात हा हिशेब सांगायला हवा, कारण तेथे कायद्याची अडचण येत नाही.

शिष्य बदलले तेव्हा

हार्लेममधील केंद्र मावळत असताना ओलातुंजींचा दुसरा उदय झाला. ग्रेटफुल डेड या रॉक संचाचे ढोलवादक मिकी हार्ट यांनी शाळकरी वयात ओलातुंजींचे वादन ऐकले होते. १९८५च्या वर्षअखेरच्या रात्री आपल्या संचाच्या प्रयोगाआधी त्यांनी ओलातुंजींना वाजवायला बोलावले. शाळांमधून केलेल्या प्रयोगांचे फळ असे पंचवीसेक वर्षांनी हाती आले. पुढे हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१च्या मुद्रिकेत ओलातुंजी, दुन्दुनवादक सिकिरू अदेपोजू, मुंबईच्या माहीमचे झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम एकत्र आले. जागतिक संगीतासाठीचे पहिले ग्रॅमी पारितोषिक १९९२ मध्ये या मुद्रिकेला मिळाले. ज्या ढोलात वाक्य असते तो दुन्दुन, ज्यावर फक्त हाताचा बोल असतो तो अशिको आणि ज्याची बोलभाषा स्वतंत्र वाङ्मय बनली आहे तो तबला, हे तिन्ही या एका मुद्रिकेत शेजारी ऐकता येतात. वर उल्लेखलेला फरक कानाने तपासायचा असेल तर त्याहून सोयीचे साधन नाही.

या काळात ओलातुंजींचे वर्ग न्यूयॉर्कजवळील ओमेगा इन्स्टिट्यूटमध्ये आणि कॅलिफोर्नियातील एसालेनमध्ये भरू लागले. तेथे येणारे लोक आठवडाअखेरीस मनःशांती शोधायला आलेले, बहुतांशी गौरवर्णीय आणि मध्यमवयीन होते, आणि ते एका शिबिरासाठी जी रक्कम देत तेवढ्यात हार्लेममधील मुलाचे कित्येक महिन्यांचे वर्ग झाले असते. शिकवायचे तेच होते: गोल करून बसणे, आधी तोंडाने म्हणणे, मग हाताने वाजवणे, आणि मग उठून नाचणे. गटात बसून ढोल वाजवण्याची जी चळवळ आज अमेरिकेतील उद्यानांतून आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांतूनही दिसते, तिचे एक मोठे मूळ या वर्गांत आहे.

यावरून ओलातुंजींनी हार्लेम सोडून पैसेवाल्यांची कास धरली, असा ठपका काहीजण ठेवतात. वस्तुस्थिती अशी की हार्लेममधील वर्ग तोट्यात चालवता आला तोवर त्यांनी चालवला, आणि नंतर ज्या ठिकाणी वर्ग भरत होता तेथे ते गेले. तरीही विद्यार्थी बदलल्याने शिकवण्याचा आशय बदलला, हे नाकारता येत नाही. हार्लेममध्ये ढोलाच्या वर्गाशेजारी इतिहासाचा आणि योरुबाचा वर्ग होता, कारण तेथील मुलाला आपण कोण हे ठरवायचे होते. शिबिरातील पाहुण्याला दोन दिवसांत भाषा नको होती, इतिहासही फारसा नको होता. त्याला लय हवी होती आणि ती सहा अक्षरांत पूर्ण मिळत होती. सुलभ केलेली रीत जेथे दार उघडण्यासाठी बनवली होती तेथे ती दार ठरली, आणि जेथे आत आणखी काही शिकण्याची सोय नव्हती तेथे तीच पूर्ण घर मानली गेली.

ओलातुंजी ६ एप्रिल २००३ रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथे मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे वारले. अखेरच्या वर्षांतही त्यांचे वर्ग सुरू होते. ‘द बीट ऑफ माय ड्रम’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या पश्चात २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘गुन दुन, गो दो, पा ता’ ही रीत त्यांच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी अमेरिका, युरोप आणि जपानपर्यंत नेली आहे. आयान घराण्यांतले वादक नायजेरियातील लग्नांत, नामकरणात आणि राजांच्या दरबारात आजही दुन्दुनवर ओरिकी म्हणत असतात. त्यांच्याकडे शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ढोलासोबत योरुबाही शिकावी लागते.